खरखरीचा हिशेब: कल्याणच्या तबकड्या ते चिपमधला कम्पॅरेटर

१/ बुवापाड्यातून निघून अंबरनाथ स्थानकावर मुंबईकडे जाणारी लोकल पकडली, की उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. आज या पट्ट्यात इमारतींची दाटी आहे. १९६५ मध्ये मात्र कल्याणजवळ ३२ धातूच्या तबकड्या सूर्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ती होती भारतातील आरंभीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक.

२/ सहा फूट व्यासाच्या या तबकड्या पूर्वी ऑस्ट्रेलियात पॉट्स हिल येथे वापरल्या गेल्या होत्या. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या गोविंद स्वरूप यांनी त्या कल्याणला उभ्या केल्या: २४ पूर्व-पश्चिम रांगेत, ८ दक्षिणोत्तर रांगेत. वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ.

३/ सूर्याकडून या तबकड्यांत काय येत असे? केवळ खरखर. दोन स्टेशनांच्या मध्ये रेडिओचा काटा थांबला की ऐकू येते, तशीच. अभियंते तिला ‘नॉइज’ म्हणतात. पण दुर्बिणीच्या प्रवर्धकातूनही नेमकी अशीच खरखर निघते. सूर्याची कोणती आणि यंत्राची कोणती, हे ऐकून सांगता येत नाही. ते मोजावेच लागते.

४/ या मोजणीचा पाया १९२८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घातला गेला. जॉन जॉन्सन यांनी दाखवले, की बॅटरी न जोडलेल्या साध्या रोधातही सूक्ष्म विद्युतदाब सतत थरथरत असतो. हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. ही थरथर तापमानासोबत वाढते. ती कारागिरीतला दोष नाही. ती उष्णतेचीच हालचाल आहे.

५/ १ किलो-ओहमचा रोध सामान्य तापमानाला, १ हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात, सुमारे ४ नॅनोव्होल्टची खरखर निर्माण करतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पट्टा रुंदावत गेला की तोही वाढतो, आणि ज्या मंडलाला दोन जवळजवळ समान दाबांत निवड करायची असते, त्याची पंचाईत होते.

६/ असे मंडल म्हणजे कम्पॅरेटर. सराफाच्या काट्याप्रमाणे तो दोन दाब तोलतो आणि एकच उत्तर देतो: १ किंवा ०. क्लॉकवर चालणारा कम्पॅरेटर हा निवाडा क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला नव्याने करतो. बाहेरच्या जगातील लहर संगणकाच्या आकड्यांत उतरते, ती बहुधा अशाच निवाड्यांतून.

७/ खगोलशास्त्रज्ञांनी या हो-नाहीचा धाडसी उपयोग केला. १९६३ मध्ये सँडर वाइनरेब यांनी रेडिओ लहरीची केवळ चिन्हे नोंदवणारे यंत्र बांधले: शून्याच्या वर की खाली, एवढेच. त्याच वर्षी त्या यंत्राने आंतरतारकीय अवकाशातील ओएच हा रेणू सापडला. रेडिओ लहरींद्वारे सापडलेला तो पहिलाच रेणू.

८/ एवढी माहिती टाकून देऊनही हे कसे साधले? कारण ती लहर स्वतःच यादृच्छिक होती. १९४३ मध्ये युद्धकालीन संशोधनात जॉन व्हॅन व्लेक यांनी सिद्ध केले होते, की खरखरीची केवळ चिन्हे ठेवली तरी तिच्यातील सहसंबंध गणिताने परत मिळवता येतो. किंमत एकच: तेवढ्याच अचूकतेसाठी सुमारे अडीच पट निरीक्षणकाळ.

९/ आता प्रश्न उलटा करू. हा निवाडा देणारा कम्पॅरेटर स्वतः किती खरखरतो? चिप तयार होण्याआधीच ते कसे कळावे? १९७३ मध्ये बर्कलीचे लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी ‘स्पाइस’ हा संगणकीय कार्यक्रम जगापुढे मांडला. मंडल बांधण्याआधी त्याचे वर्तन कागदावर दिसू लागले. त्यात खरखरीचे गणितही होते.

१०/ पण त्या गणिताचे एक गृहीतक होते: मंडल एका स्थिर बिंदूवर शांत बसले आहे आणि खरखर त्याला किंचित हलवते आहे. प्रवर्धकाला ते लागू पडते. कम्पॅरेटर मात्र प्रत्येक ठोक्याला शून्यातून उठतो, क्षणार्धात एका बाजूला कोसळतो आणि पुन्हा शून्यावर येतो. त्याला स्थिर बिंदूच नाही.

११/ दुसरा मार्ग काळानुसार सिम्युलेशन चालवण्याचा. पण साध्या सिम्युलेशनमध्ये खरखर नसतेच. हजार वेळा चालवा, हजार वेळा तेच उत्तर. कागदावर निर्दोष ठरलेला कम्पॅरेटर प्रत्यक्षात चुकू शकतो, आणि सिम्युलेशन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. धोका येथे होता.

१२/ यावर निघालेला एक उपाय मोजणीचा. सिम्युलेशनमध्येच प्रत्येक ट्रान्झिस्टरला यादृच्छिक थरथर द्यायची, एक लहानसा दाब लावायचा, हजार ठोके चालवायचे आणि १ किती आले ते मोजायचे. दाबांतील फरक शून्य असेल, तर निम्मे. ८४ टक्के आले, तर लावलेला दाब हाच खरखरीचा प्रमाण विचलनाइतका आकार.

१३/ तरीही एक भिंत उरते. लाख कोटी निवाड्यांत एकच चूक चालेल, अशी अट असेल तर तेवढे ठोके चालवणार कोण? म्हणून थोड्या मोजणीवर गॉसची घंटाकृती वक्ररेषा बसवून पुढचा अंदाज काढतात. त्या अटीसाठी खरखरीच्या सुमारे सातपट दाब हाताशी असावा लागतो.

१४/ दुसरा उपाय गणिताचा. १९९० च्या दशकात ठरावीक आवर्तनाने बदलणाऱ्या मंडलांसाठी खरखरीची नवी पद्धत रूढ झाली. २००९ मध्ये जेहा किम आणि सहकाऱ्यांनी ती कम्पॅरेटरच्या यादृच्छिक चुकांना लावली. ठोक्यातील कोणत्या क्षणी आलेली खरखर निवाडा फिरवते, हे त्यातून दिसते. काटा एका बाजूला पुरता कलला, की नंतरच्या खरखरीला अर्थ उरत नाही.

१५/ स्वरूप यांचा प्रवास कल्याणहून १९७० मध्ये उटीला आणि पुढे पुणे जिल्ह्यातील खोडदला पोहोचला. तेथे जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या लहरी आज आकड्यांत उतरवूनच एकमेकींशी ताडल्या जातात. आकाशाची खरखर तीच, यंत्राचीही तीच.

१६/ कल्याणच्या तबकड्या आणि चिपवरचा कम्पॅरेटर यांत आकाराखेरीज फारसे अंतर नाही. दोन्हीकडे एका निवाड्यावर विश्वास ठेवता येत नाही. हजारांच्या हिशेबावर ठेवता येतो. खरखर संपवता येत नाही, हे १९२८ मध्येच कळले होते. तिच्यासह अचूक कसे राहावे, हे शिकायला मात्र पुढची ऐंशी वर्षे लागली.