सर्वांत घट्ट की सर्वांत योग्य? : चिकटवण्याच्या कलेचा इतिहास

१/
ऑगस्ट २०१४. कैरोच्या संग्रहालयात तुतनखामेनच्या सुवर्णमुखवट्याची दाढी निखळली. मुखवटा सुमारे ३,३०० वर्षांचा, वजन दहा किलोंहून थोडे अधिक. कर्मचाऱ्यांनी ती दाढी घाईघाईने इपॉक्सीने चिकटवून टाकली. जोड अगदी पक्का बसला, आणि खरे संकट तेथेच सुरू झाले.

२/
इपॉक्सी म्हणजे दोन द्रव्ये एकत्र करताच कडक होत जाणारा पदार्थ. धातू, दगड, काच यांना तो विलक्षण ताकदीने धरतो. पण एकदा सुकला की सहजासहजी सुटत नाही. हनुवटी आणि दाढी यांच्यामध्ये त्याचा थर उघड दिसू लागला. तो खरवडण्याच्या प्रयत्नात सोन्यावर ओरखडे उमटले. जानेवारी २०१५मध्ये ही बातमी जगभर पसरली.

३/
पुढे जर्मन तज्ज्ञ क्रिस्टियन एकमान यांच्या पथकाने लाकडी हत्यारांनी तो थर हलकेच काढला आणि डिसेंबर २०१५मध्ये मुखवटा पुन्हा दर्शनासाठी ठेवला गेला. या खेपेस दाढी बसवली होती मधमाशांच्या मेणाने. प्राचीन इजिप्तच्या कारागिरांनाही मेणाचा हा उपयोग ठाऊक होता.

४/
मेण इपॉक्सीच्या मानाने कितीतरी दुबळे. मग तज्ज्ञांनी तेच का निवडले?

या प्रश्नाचे उत्तर हजारो वर्षांच्या कारागिरीत आहे. चिकटवणाऱ्या जाणकार हाताने नेहमी तीन गोष्टी पाहिल्या : जोडायचे काय आहे? ती वस्तू कोणत्या हवेत राहणार आहे? आणि हा जोड कधी उघडावा लागेल का?

५/
ही कला अतिशय जुनी आहे. इटलीतील कॅम्पिटेलो येथे सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली. त्यांवर भूर्जवृक्षाच्या सालीपासून काढलेले डांबर आहे. ते निअँडरथल मानवांचे काम. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेतल्या सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीच्या हत्यारांवर झाडाचा डिंक आणि गेरू यांचे मिश्रण आढळते.

६/
गेरू कशासाठी? संशोधकांनी तशीच हत्यारे बनवून पाहिली. नुसता डिंक वाळल्यावर ठिसूळ होतो आणि दमट हवेत सैल पडतो. गेरू मिसळला की घाव सोसण्याइतका टणक होतो. म्हणजे सापडले ते चिकटवले, इतके हे साधे नव्हते. कामाकडे पाहून पदार्थ बदलण्याची बुद्धी तेव्हाच जागी झाली होती.

७/
आता भारतात येऊ. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त 'वज्रलेप' या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळून तो काढा एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचा. मग त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादी मिसळायचे. हा लेप देवालये, वाडे, मूर्ती, भिंती आणि विहिरी यांसाठी सांगितला आहे.

८/
त्याच अध्यायात 'वज्रतल' नावाचा दुसरा लेप येतो : त्यात जनावरांची शिंगे, केस आणि कातडी शिजवलेली असते. शिवाय मयाच्या नावावर सांगितलेला 'वज्रसंघात' आहे. तो तर चक्क शिसे, कासे आणि पितळेचा अंश यांचा वितळवलेला रस. वनस्पती, प्राणी आणि धातू असे तीन वेगळे मार्ग एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नोंदवलेले दिसतात. एकच चिकट द्रव्य सगळीकडे चालेल, असे त्या काळच्या जाणकारांनी मानलेले नाही.

९/
यानंतर लाख. झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या इवल्याशा किड्यांचा हा स्राव. ऊब दिली की मऊ, गार झाली की कठीण. भारतीय तलवारीची मूठ याच गुणावर उभी आहे. पात्याचे मागचे निमुळते टोक पोकळ मुठीत घालायचे, भोवती तापवलेली लाख भरायची, आणि थंड होऊ द्यायचे.

१०/
याचा लाभ कोणता? पाते मोडले किंवा बदलायचे झाले, तर मूठ तापवायची. लाख मऊ पडते आणि पाते मोकळे होते. युरोपातून समुद्रमार्गे आलेली लांब सरळ पाती देशी मुठींत बसवून 'फिरंग' तयार होत असे. मराठी सैन्यातल्या या प्रसिद्ध शस्त्राचा सांधा रणात घट्ट राही आणि शिकलगाराच्या हाती उघडेही.

११/
पण हीच लाख चुकीच्या जागी गेली, तर? १८५२मध्ये सिंध प्रांतात, जो तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता, बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत 'सिंध डाक' हे टपाल तिकीट निघाले. त्याचा पहिला प्रकार मोहोर उठवण्याच्या लाल लाखेच्या चकतीसारखा होता. टपालाच्या थैलीत तो तडकू लागला, तुकडे पडू लागले. लौकरच त्याची जागा कागदावर उठावाने छापलेल्या तिकिटांनी घेतली. मुठीत कोंडलेली लाख टिकते; वाकणाऱ्या कागदावर ती टिकत नाही.

१२/
कागदाला हवा कागदासारखाच मवाळ सोबती : खळ. गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात पाणी घालून शिजवलेली. पतंगाला भाताचे शीत लावणारे पोरही हेच शास्त्र पाळते. खळ सुकल्यावर कागदाबरोबर वाकते आणि ओलावा दिला की सुटते. दोष एकच : ती अन्न आहे, म्हणून झुरळे, कसर आणि बुरशी यांनाही प्रिय. त्यामुळे आपल्याकडचे बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत आले.

१३/
लाकडाचा सोबती सरस. जनावरांचे कातडे आणि हाडे उकळून केलेला. गरम असतानाच लावायचा. इटलीतील क्रेमोना गावी आंतोनिओ स्त्रादिवारीने व्हायोलिने जोडली ती अशाच सरसाने. त्याच्या मृत्यूला (१७३७) जवळपास तीन शतके होत आली, तरी ती वाद्ये वाजतात. कारण? ती वेळोवेळी उघडता आली.

१४/
एकोणिसाव्या शतकात मोठ्या सभागृहांसाठी व्हायोलिनचा नाद वाढवायचा होता. तेव्हा त्या जुन्या वाद्यांपैकी बहुतेकांच्या माना काढून नव्या, अधिक लांब माना बसवल्या गेल्या. सरसाचा सांधा ऊब आणि ओल यांना वश होतो, म्हणून लाकूड न फाटता हे साधले. सांधा लाकडाहून बलवान असता, तर ताण पडताच लाकूडच चिरले असते. येथे गोंदाचा दुबळेपणा हाच वाद्याचा विमा ठरला.

१५/
मात्र 'जुने ते सोने' असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लाकडी 'मॉस्किटो' विमान बनवले. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९४०मध्ये झाले. आरंभीच्या विमानांचे लाकडी थर दुधातील केसीनपासून केलेल्या गोंदाने जोडलेले होते. इंग्लंडच्या हवेत त्याने काम दिले.

१६/
मग ही विमाने भारतात आली. १९४४मध्ये येथे काही मॉस्किटो हवेतच मोडून पडली, वैमानिक मृत्युमुखी पडले, आणि नोव्हेंबरमध्ये या भागातील मॉस्किटोंची उड्डाणे थांबवावी लागली. चौकशीत एक मत असे की उष्ण दमट हवेने गोंद निकामी केला; दुसरे मत असे की पंखांचे सांधे कारखान्यातच नीट बसवले नव्हते. निर्माते पुढे ओल सोसणाऱ्या कृत्रिम रेझिनच्या गोंदाकडे वळले. उड्डाणात सांधा उघडण्याची सोय नको असते. तेथे तो पावसाळ्यातही न सुटणे म्हणजेच प्राण.

१७/
शांततेच्या काळातही कृत्रिम गोंदांनी जग बदलले. १९१२मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाट्टे याने ज्याचा शोध लावला, त्या पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटच्या कुळातला पांढरा गोंद १९५९मध्ये बळवंत पारेख यांनी 'फेव्हिकॉल' नावाने भारतात आणला. सरस शिजवण्याचा, त्याच्या वासाचा, तो गार होण्याआधी लाकडे जुळवण्याचा सुताराचा त्रास संपला. कपाट आणि पलंग यांसाठी ही निवड अचूक होती. कपाटाला व्हायोलिनसारखे वारंवार उघडायचे नसते.

१८/
चूक होते ती सोयीची वस्तू सर्वत्र लावल्याने. याचे सर्वांत दुःखद उदाहरण मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे. १९५०च्या दशकात जेरुसलेममध्ये विद्वानांनी त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या चर्मपत्रांचे हजारो तुकडे जुळवले आणि ते सरळ पारदर्शक चिकटपट्टीने जोडले. हेतू निर्मळ होता. परंतु पट्टीतला गोंद हळूहळू चर्मपत्रात झिरपला, डाग पडले, कडा काळवंडल्या.

१९/
१९९१मध्ये तेथे खास संवर्धनशाळा उभी राहिली. तेव्हापासून तज्ज्ञ त्या पट्ट्या आणि त्यांचा चिकटा तुकड्या-तुकड्यावरून काढीत आहेत. लावायला क्षणभर पुरले. काढायला दशके लागत आहेत. ज्या गुंडाळ्या गुहेच्या अंधारात वीस शतके तग धरून होत्या, त्यांना काही वर्षांत इजा पोहोचली ती अभ्यासकांच्या टेबलावर.

२०/
आता मेणाचे कोडे सुटते. संग्रहालयातील मुखवट्याला ना घाव सोसायचे असतात, ना पाऊस. त्याला फक्त उद्याच्या तज्ज्ञाच्या हाती अभंग पोहोचायचे असते. म्हणून संवर्धनशास्त्राचा आजचा आग्रह असा : केलेली दुरुस्ती शक्यतो उलटवता यावी, आणि जोड मूळ वस्तूहून बलवान नसावा; ताण आलाच तर सांधा सुटावा, वस्तू तुटू नये.

२१/
हा नियम महाराष्ट्रातील अनेक घरांच्या माळ्यावरही लागू पडतो. तेथे मोडी कागद आहेत, जुन्या पोथ्या आहेत, पणजोबांच्या सनदा आणि पत्रे आहेत. फाटलेल्या घडीवर कोणी प्रेमाने चिकटपट्टी मारतो, कोणी पांढरा गोंद फासतो. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, पण पिवळा डाग अक्षरांवर राहतो. पुढच्या वाचकाला नेमके तेच नाव, तीच तारीख वाचता येत नाही.

२२/
संवर्धक अशा कागदाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ लावतात, तेही शाई पाण्याने पसरत नाही ना हे पाहून. ज्याला ते साधत नाही, त्याने काहीच चिकटवू नये : तुकडे स्वच्छ, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावेत, कोरड्या जागी जपावेत आणि जाणकारास दाखवावेत. फाटलेला कागद थांबू शकतो. चुकीचा गोंद थांबत नाही.