पंचगंगेच्या खोऱ्यांतील मोटार

पौर्णिमेस नृसिंहवाडीस जाणाऱ्या माणसास देवळाच्या वाटेवर अलीकडे एक निराळाच यात्रेकरू भेटतो. त्यास पाय नाहींत, चाकें आहेत. नवी मोटार किंवा फटफटी घेतली म्हणजे ती प्रथम दत्तमहाराजांच्या पायाशीं आणावी, असा या बाजूच्या पुष्कळ कुटुंबांचा रिवाज होऊन बसला आहे. गाडीच्या तोंडावर कुंकवाचें स्वस्तिक, वर झेंडूची माळ, चाकाखालीं लिंबू, आणि पेढ्यांचा पुडा हातीं घेऊन भोंवतीं उभें असलेलें घर. हा थाट मीं कित्येकदां पाहिला आहे. अशाच एका पौर्णिमेस कोल्हापूरच्या ओतशाळेंत सारा जन्म घालविलेले एक वृद्ध मेस्त्री माझ्याबरोबर होते. एका नव्या गाडीजवळ थांबून त्यांनीं तिच्या पत्र्यावर हलकेंच हात ठेवला आणि म्हटलें, "हिच्या पोटात आमच्या हातचं बीड असंल बघा." गाडीच्या मागील बाजूस कारखान्याचें नांव झळकत होतें, त्या नांवाचा पंचगंगेच्या पाण्याशीं कांहींएक संबंध नव्हता.

मेस्त्रींच्या बोलण्यांत अभिमान होता कीं तक्रार होती, हें मला त्या वेळीं उमगलें नाहीं. परंतु तेव्हांपासून एक प्रश्न मनांत घर करून राहिला. ज्या मुलुखांत मोटारीचें काळीज ओतलें जातें, त्या मुलुखांत मोटार कां निर्माण झाली नाहीं? आणि पुढें होण्याचा संभव किती?

कारखानदारीचें मूळ या भागांत लोखंडाच्या खाणींत नाहीं. तें उसाच्या मुळांत आहे. कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठची काळी जमीन पाणी मिळालें कीं सोनें देते. पण पाणी खालीं आणि शेत वर. पूर्वीं तें मोटेनें चढवीत. (मोट आणि मोटार या दोन शब्दांचें नातें केवळ ध्वनीचें आहे, हें मी जाणतों, परंतु या खोऱ्यापुरतें तें खरें मानण्याचा मोह होतो.) पुढें विलायती ऑइल एंजिनें आलीं आणि रस्टन, पीटर हीं नांवें शेतकऱ्यांच्या तोंडीं बैलांच्या नांवांसारखीं खेळूं लागलीं. एंजिन म्हटलें कीं तें बिघडावयाचेंच. उसाला पाण्याची पाळी आली असतां एखादा भाग मोडला, तर तो साता समुद्रांपलीकडून येईपर्यंत पीक थांबत नाहीं. तेव्हां शेतकरी तो मोडका तुकडा पिशवींत घालून कोल्हापूरच्या लोहाराकडे जाई आणि म्हणे, "असाच एक करून द्या." या "असाच एक करून द्या" मध्यें कोल्हापूरच्या यंत्रविद्येचा आरंभ आहे. दुसऱ्या महायुद्धांत परदेशचा माल दुर्मिळ झाला, तेव्हां हा आरंभ धंद्याच्या पदवीस चढला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांचीं नांवें तेथील कारखानदार आजहि आदरानें घेतात. पुस्तकी शिक्षणापेक्षां डोळ्याचा व बोटांचा भरंवसा मोठा मानणारी ती पिढी होती.

या पिढीस अनुकूल वारा मिळाला तो राजाश्रयाचा. १८९१ सालीं कोल्हापूर मिरजेशीं आगगाडीनें जोडलें गेलें. शाहू महाराजांनीं १९०६ मध्यें कापडाची गिरणी काढली, पुढें राधानगरीच्या धरणाचा संकल्प सोडला, आणि १९१७ मध्यें नृसिंहवाडीहून फार दूर नसलेली जयसिंगपूरची पेठ वसविली. शेजारच्या इचलकरंजींत जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ मध्येंच यंत्रमाग आणला होता. याच हवेंत बाबूराव पेंटर यांनीं चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरांतच तयार करून १९२० मध्यें "सैरंध्री" पडद्यावर आणला. परदेशीं यंत्र पाहावें, तें उलगडावें, आणि तसेंच आपल्या घरीं करावें, ही वृत्ति तेथें एकट्यादुकट्याची नव्हती. ती गांवाची होती.

मोटारीच्या दृष्टीनें मात्र सर्वांत जवळ आलेला पुरुष कोल्हापूरचा नव्हे, बेळगांवकडचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपल्या धंद्याचा ओनामा बेळगांवांत, बंधु रामूअण्णा यांच्यासह, सायकलीच्या दुकानानें केला. साल १८८८ असें त्यांच्या कारखान्याची परंपरा सांगते. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें विल्यम मॉरिस नांवाचा एक तरुण सायकली दुरुस्त करूं लागला. मॉरिसच्या सायकलीपासून १९१३ मध्यें मोटार निघाली. किर्लोस्करांच्या सायकलीपासून लोखंडी नांगर निघाला. बुद्धि, चिकाटी, हातोटी यांत बेळगांवचा माणूस ऑक्सफर्डच्या माणसाहून उणा होता असें कोण म्हणेल? फरक गिऱ्हाइकाचा होता. मॉरिसच्या भोंवतीं पक्के रस्ते होते आणि मोटार परवडणारे वकील-डॉक्टर होते. लक्ष्मणरावांच्या भोंवतीं कोरडवाहू शेतकरी होता आणि त्याचीहि समजूत अशी कीं लोखंडाच्या फाळानें जमीन विषारी होते. कारखाना आपल्या गिऱ्हाइकापेक्षां फार पुढें धांवूं शकत नाहीं. १९१० मध्यें औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धांत कच्चें लोखंड मिळेना, तेव्हां शाहू महाराजांनीं जुन्या तोफा वितळविण्यास देऊन या नांगरांस हातभार लावला, असें सांगतात. तोफेचा नांगर झाला. नांगरापासून पंप, पंपापासून एंजिन. परंतु १९४६ मध्यें ऑइल एंजिनांचा मोठा कारखाना काढावयाची वेळ आली, तेव्हां किर्लोस्करांनीं जागा निवडली ती पुण्याची. कृष्णाकांठ सोडून धंद्यानें वर घाट चढण्याचा हा पहिला मोठा प्रसंग म्हणतां येईल.

मोटारीचा विचार देशांत तोंवर सुरू झालाच होता. विश्वेश्वरय्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत त्याची योजना आंखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं ती उचलली आणि १९४० मध्यें अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं बोलणें पक्कें केलें. परंतु युद्धाच्या धामधुमींत हिंदुस्थान सरकारनें त्यांस हवें तें सहाय्य दिलें नाहीं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्यें झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी १९४७ मध्यें बाहेर पडली. ज्याच्यापाशीं जहाजें, साखर, बांधकाम यांतून मिळविलेलें भांडवल होतें आणि अमेरिकेचा करार खिशांत होता, त्या वालचंदांस इतकीं वर्षें लागलीं. हा हिशेब ध्यानांत ठेवून पुढील गोष्ट वाचावी.

ती गोष्ट इचलकरंजीची आहे. वाडीपासून मोटारीनें अर्ध्या-पाऊण तासावरची. तेथील शंकरराव कुलकर्णी या गृहस्थांनीं १९४० नंतरच्या दशकांत स्वतःची लहान मोटार बांधावयास घेतली. विद्यापीठाची पदवी नाहीं, परदेशचा करार नाहीं, पाठीशीं सावकार नाहीं. १९४९ च्या सुमारास त्यांची पहिली गाडी रस्त्यावर आली. तिचें नांव त्यांनीं "मीरा" ठेविलें. पुढें पंचवीस-तीस वर्षें हा मनुष्य एकामागून एक नमुने करीत राहिला. एकांत दिसलेली खोड दुसऱ्यांत काढावी, दुसऱ्यांतली तिसऱ्यांत. मागील बाजूस बसविलेलें छोटें एंजिन, हलका देह, थोडें तेल पिणारी, मध्यम स्थितींतल्या कुटुंबास झेंपेल अशी; बारा हजार रुपयांच्या आसपास विकतां येईल, असा शेवटच्या नमुन्याचा अंदाज होता. युरोपांत युद्धानंतर इटलीची छोटी फियाट, फ्रान्सची सित्रोएन यांनीं ज्या वर्गासाठीं मोटार केली, त्याच वर्गाचा विचार इचलकरंजींतल्या एका वर्कशॉपांत चालला होता, आणि तोहि कोणाची नक्कल म्हणून नव्हे.

मीरा विक्रीस कधींच आली नाहीं. याचा दोष परवान्याच्या राज्यावर टाकण्याची रीत आहे, आणि तो बराचसा खराहि आहे. १९५१ च्या औद्योगिक कायद्यापासून मोटारीचा कारखाना काढणें म्हणजे दिल्लीच्या दारांत उभें राहणें झालें. एखाद्या वर्कशॉपवाल्यास तें दार उघडणें दुर्घट होतें. दिल्लीशेजारच्या मारुतीस मात्र १९७० च्या सुमारास तें सुलभ झालें. पुढें तीहि मारुती बुडाली, सरकारनें ती हातीं घेतली, आणि जपानच्या सुझुकीच्या साह्यानें तिची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्यें निघाली, हें सर्वश्रुत आहे. परंतु माझ्या मतें परवाना हातीं आला असता तरीहि मीरेचा मार्ग खडतरच राहिला असता. एक उत्तम मोटार करणें ही कारागिरी आहे. एकसारख्या दहा हजार मोटारी करणें ही निराळी विद्या आहे. तिच्यासाठीं साचे, दाबयंत्रें, दुकानांची साखळी, आणि पांच-सात वर्षें तोटा सोसणारें भांडवल लागतें. आमच्या लोकांची बुद्धि "असाच एक करून द्या" यांत तयार झालेली होती. "असे दहा हजार" हा तिचा अभ्यास नव्हता. शंकररावांची थोरवी यानें कमी होत नाहीं. उलट, त्यांनीं ज्या गोष्टीची उणीव एकट्यानें भरून काढण्याचा यत्न केला ती एकट्याची नव्हतीच, हें त्यामुळें दिसतें. कोल्हापुरांत ओतशाळा होत्या, जिल्ह्यांत गुळाचा व साखरेचा पैसा होता, सहकारी संस्थांची परंपरा होती. उसासाठीं हजारों शेतकऱ्यांनीं भाग घेतले. मोटारीसाठीं तसा यत्न झाला असता तर काय झालें असतें, हा विचार चटका लावून जातो.

मोटारीचा धंदा पुण्याकडे गेला. चिंचवड-आकुर्डीच्या माळावर १९६० नंतर बजाज, टेल्को, बजाज टेंपो यांनीं पाय रोवले. मुंबईचें बंदर व बाजार जवळ होता. कोल्हापूरच्या वांट्यास ओतकाम आलें. उद्यमनगरच्या गल्ल्यांतून धंदा शिरोली, गोकुळ शिरगांव, पुढें कागल-हातकणंगलेकडे पसरला आणि ओतशाळांची संख्या शेंकड्यांत गेली. घाटगे-पाटील यांचा धंदा मालमोटारींच्या वाहतुकीपासून निघून ओतकामापर्यंत आला; मेनन यांच्या कारखान्यांत पिस्टन होऊं लागले. हें काम क्षुद्र नव्हे. एंजिनाचा ठोकळा ओतावयाचा म्हणजे त्याच्या पोटांत पाण्याच्या वाटा ठेवाव्या लागतात. त्यासाठीं वाळूचे नाजूक गाभे साच्यांत मांडतात. गाभा केंसभर हलला तर भिंत एकीकडे पातळ होते आणि सबंध ठोकळा पुन्हां भट्टींत. वाळूंत ओल किती, बिडांत कार्बन किती, रस कोणत्या उष्णतेस ओतावा, याचें ज्ञान तेथें बापाकडून मुलाकडे आलेलें आहे. पूर्वींच्या कोकच्या क्युपोला जाऊन विजेच्या भट्ट्या आल्या, तरी रसाचा रंग पाहून मान हलविणारा मेस्त्री अजून आहे.

तथापि आतां पायाखालची वाळूच सरकूं लागली आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीस ठोकळा नाहीं, पिस्टन नाहीं, झडपा नाहींत. जें आमच्या हातचें बीड, तेंच तिच्या पोटांतून वगळलें गेलें. ब्रेकचे ड्रम, आंसाचीं घरें, ट्रॅक्टरचे आणि पंपाचे भाग राहतील. पण गाडीच्या काळजावरचा आमचा हक्क जाईल. वीज हेंच नव्या भट्टीचें इंधन, आणि तिचे दर शेजारच्या कर्नाटकापेक्षां अधिक, म्हणून तिकडे जाण्याची भाषा कांहीं कारखानदारांनीं यापूर्वींच उघड केली आहे. त्यांत महापुराची भर. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें पंचगंगेचें पाणी शिरोलीजवळ पुणें-बंगलोर रस्त्यावर आलें आणि वाहतूक दिवसेंदिवस खोळंबली. ज्या कारखान्यांस सुटे भाग ठरल्या तासास हवे असतात, ते असा पुरवठादार फार काळ सांभाळतील काय?

असें असूनहि मी निराश नाहीं, आणि याचें कारण भावनेचें नाहीं. जुन्या मोटारीस हजारों भाग आणि प्रचंड भांडवल लागे. विजेच्या लहान गाडीस भाग फार कमी लागतात. मालवाहू तीनचाकी, उसाच्या शेतांत फिरणारा छोटा ट्रॅक्टर, बाजाराची गाडी, यांची घडण शंकररावांच्या वर्कशॉपास झेंपण्यापलीकडची राहिलेली नाहीं. येथें ओतकाम आहे, लेथ आहेत, कापडगिरण्यांमुळें मोटर दुरुस्त करणारे हात आहेत, आणि सर्वांत मुख्य म्हणजे गिऱ्हाईक दाराशीं आहे. तें मॉरिसपाशीं होतें, लक्ष्मणरावांपाशीं नव्हतें. अडचण एकच, आणि ती जुनीच: प्रत्येक ओतशाळेचा मालक दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणें उत्तम काम करतो, परंतु स्वतःचा नकाशा काढावयास चौघे एकत्र बसत नाहींत.

पावसाळ्यांत वाडीस कृष्णेचें पाणी गाभाऱ्यांत शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें, तेव्हां तें तीर्थ अंगावर घ्यावयास लोक मैलोगणती येतात. गेल्या खेपेस मी गेलों तेव्हां पाणी पायरीपर्यंतच आलेलें होतें आणि चौकांत एक विजेची तीनचाकी उभी होती, हळदकुंकवानें माखलेली. मेस्त्री वाकून तिच्या खालीं पाहत होते. बराच वेळ पाहून ते उठले, गुडघ्यावरची माती झटकली, आणि म्हणाले, "ब्रेकचा ड्रम तेवढा बिडाचा दिसतोय. आपलाच असंल."