भोक पाडणारा डॉक्टर

सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात 'वर्कअराउंड' या शब्दाला फारशी इज्जत नाही. मूळ बग तसाच ठेवायचा आणि कसंबसं काम चालू करून द्यायचं, म्हणजे शुद्ध आळशीपणा असा समज. पण आज ज्या वर्कअराउंडबद्दल लिहितोय, त्याने हजारो तान्ह्या बाळांचे जीव वाचवलेत.

आधी बग समजून घेऊ. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. एक शरीराला रक्त पुरवते, दुसरी फुप्फुसांना. काही बाळांमध्ये या दोन वाहिन्यांची जागा जन्मतःच उलटी असते. म्हणजे कनेक्शनची अदलाबदल! मग होतं काय, की शरीराचं अशुद्ध रक्त फिरून परत शरीरातच जातं आणि फुप्फुसांतलं शुद्ध रक्त परत फुप्फुसांतच. दोन वेगवेगळी चक्रं, एकमेकांशी संबंध नाही. बाळ निळं पडतं. गर्भात असताना उघडे असलेले एक-दोन चोरमार्ग थोडा वेळ साथ देतात, पण जन्मानंतर तेही बंद व्हायला लागतात. उपचार न मिळालेली बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नसत.

मग दोन चक्रं जोडायची, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडायचं. अशी शस्त्रक्रिया १९५० च्या सुमारास निघाली होती, पण काही दिवसांच्या, आधीच निळ्या पडलेल्या बाळाची छाती उघडायची म्हणजे जिवाशी खेळ.

इथे फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातले डॉ. विल्यम रॅशकिंड येतात. त्यांनी बाळाच्या जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवली. टोकाला छोटासा फुगा. नळी उजव्या कप्प्यातून पडद्यातल्या चिमुकल्या फटीतून डाव्या कप्प्यात नेली, तिथे फुगा फुगवला आणि झटक्यात मागे ओढला. पडदा फाटला, शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळायला लागलं. छातीवर एक टाकाही नाही. १९६६ साली त्यांनी डॉ. मिलर यांच्यासोबत हे प्रसिद्ध केलं.

विचार करा, जन्मजात दोष असलेल्या हृदयाला आणखी एक भोक पाडून बाळ वाचवायचं! वाहिन्या उलट्याच राहिल्या, पण बाळाला वेळ मिळाला. थोडं मोठं झालं की त्या काळी उपलब्ध असलेली शस्त्रक्रिया करता यायची. वाहिन्यांची थेट अदलाबदल करणारी खरी दुरुस्ती ब्राझीलच्या डॉ. जाटेने यांनी १९७५ मध्ये पहिल्यांदा यशस्वी केली. आज ती साधारण पहिल्या काही आठवड्यांतच करतात आणि तोवर बाळाला तग धरायला गरज पडली तर रॅशकिंडचा फुगा अजूनही वापरतात.

बरं, हृदयात नळी घालायचं धाडस आधी कुणी केलं? जर्मनीतल्या वेर्नर फोर्समन नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने, १९२९ मध्ये, स्वतःवरच. वरिष्ठांनी नको म्हटलेलं असताना त्याने दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि चालत एक्सरे काढायला गेला! नोबेल मिळालं १९५६ मध्ये. तोवर हा माणूस हृदय सोडून मूत्रविकारांचा डॉक्टर झाला होता. असो.

रॅशकिंड फक्त भोक पाडून थांबले नाहीत. गर्भातला जो दुसरा चोरमार्ग, तो जन्मानंतर बंदच झाला नाही तर फुप्फुसांवर ताण येतो. १९६७ मध्ये पूर्व बर्लिनच्या डॉ. पोर्स्टमन यांनी तो नळीतून बुच घालून बंद केला खरा, पण ती नळी तान्ह्या बाळांसाठी फार जाड होती. १९७९ मध्ये रॅशकिंडनी साडेतीन किलोच्या बाळात छत्रीसारखं छोटं उपकरण बसवून तो मार्ग बुजवल्याचं प्रसिद्ध केलं. भोक पाडणाराच आता भोक बुजवायला निघाला होता.

पुढे निकेल-टायटॅनियमच्या तारांची जाळीदार बुचं आली. नळीतून जाताना लांबट होतात, बाहेर पडली की आपला मूळ आकार घेतात. अशाच एका बुचाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, अकाली जन्मलेल्या बाळांसाठी, किमान वजन ७०० ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा थोडंसंच जड बाळ हो!