रामदास बोट आणि एक जास्तीचा दिवा

खरवईच्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

आषाढ अमावास्या म्हणजे आपली दिव्यांची अवस. समया, निरांजनं घासूनपुसून आपण पाटावर मांडतो. पुरुष मंडळी त्याच दिवसाला गटारी म्हणतात. आमच्या गटातल्या एका आजींच्या माहेरी मात्र त्या दिवशी एक दिवा जास्तीचा लागतो. आजी मूळच्या अलिबागकडच्या. त्यांच्या जन्माआधी त्यांचे चुलते मुंबईहून बोटीने गावी यायला निघाले, ते पोचलेच नाहीत. गटाच्या बैठकीत आमच्यातल्या एका सुनेने विचारलं, "आजी, मग त्यांना शोधलं का कुणी?" आजचं बोलणं या प्रश्नावरच आहे.

ती बोट म्हणजे 'रामदास'. तारीख 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या काळी कोकणातला कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत कामाला असायचा. बायकामुलं आणि शेती गावी. कोकणात रेल्वे नव्हती, रस्ते पावसात वाहून जायचे, म्हणून चाकरमान्याची वाट समुद्रातूनच जायची. भाऊच्या धक्क्यावरून रेवस हा जेमतेम दीड तासाचा प्रवास. सणाला घरी पोचायचं म्हणून त्या सकाळी बोट खचाखच भरली होती. सातशेच्या आसपास माणसं होती.

सकाळी आठच्या सुमाराला बोट सुटली. पाऊस आणि वारा दोन्ही वाढले. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलंडली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, तसा तोल आणखी गेला आणि बोट बुडाली. सुटल्यापासून तासही झाला नव्हता.

आता शोधाचं ऐका. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. त्यामुळे मदतीची हाक धक्क्यापर्यंत गेलीच नाही. रेवसकडे वाट बघणाऱ्यांना वाटलं, पावसामुळे बोट सुटली नसेल. मुंबईकरांना वाटलं, केव्हाच पोचली असेल. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तरंगत्या कड्याच्या आधाराने मुंबईच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा कुठे संध्याकाळच्या सुमाराला शहराला कळलं. तोवर दिवस संपत आला होता.

मग वाचलेल्यांना वाचवलं कुणी? रेवसच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन त्यांच्या होड्या मुंबईकडे निघाल्या होत्या. त्यांनी दिवसाची कमाई समुद्रात ओतली आणि त्या जागेवर माणसं ओढून घेतली, असं त्या किनाऱ्यावर आजही सांगतात. शोध घेणारं पहिलं पथक तेच. त्यांना ना कुणी हुकूम दिला होता, ना पगार.

सहाशेहून जास्त माणसं गेली. नेमकी किती? कुठे 625 असं वाचायला मिळतं, कुठे 690 च्या आसपास. आम्हाला हाच आकडा सगळ्यात जास्त बोचतो. बोटीत कोण चढलं याची पक्की यादी नसेल, तर कोण हरवलं हे तरी कसं मोजणार? पुढे किनाऱ्याला मृतदेह लागले. ज्यांचा माणूस सापडला, त्यांनी रडून क्रियाकर्म केलं. ज्यांचा सापडला नाही, त्यांनी काय करायचं? आजींच्या काकूने कित्येक वर्षं कुंकू पुसलं नाही. सासरचे म्हणायचे पूस, माहेरचे म्हणायचे थांब. ना ती सवाष्ण, ना विधवा. जास्तीचा दिवा तिनेच सुरू केलेला.

हा अपघात पहिला नव्हता. याआधी 11 नोव्हेंबर 1927 रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरी वीस वर्षांनी 'रामदास' यंत्राशिवायच निघाली. तिच्यानंतर मात्र अशा बोटींवर बिनतारी यंत्राची सक्ती आली, पावसाळ्यातली वाहतूक बंद झाली. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात आजही बंद असतात.

आणि अलीकडचं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-305 हा तराफा बुडाला. त्यावर 261 कामगार होते, देशाच्या कानाकोपऱ्यातून पोटासाठी आलेले. नौदलाच्या युद्धनौका आणि हेलिकॉप्टरं त्या खवळलेल्या समुद्रात शोध घेत होती. 186 जण वाचले. याच वादळात 'वरप्रदा' नावाची ओढबोटही बुडाली, तिच्यावरच्या 13 जणांपैकी दोघेच वाचले. दोन्ही मिळून 86 माणसं गेली. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले, तर काही थेट गुजरातच्या. चेहऱ्यावरून ओळख पटेना, तेव्हा नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनए जुळवले. किती माणसं होती हे माहीत होतं, म्हणून शेवटच्या माणसापर्यंत शोध घेता आला.

मैत्रिणींनो, शोध बोट बुडाल्यावर सुरू होत नाही. माणूस उंबरा ओलांडतो तेव्हाच त्याची तयारी असावी लागते. आपल्या खरवईत, अंबरनाथ-उल्हासनगरात किती घरांतली मुलं जहाजावर, गोदीत, परगावी कामाला आहेत! आम्ही आमच्या गटाच्या वहीत एक पान वाढवलंय. माणूस कुठे गेला, जहाजाचं किंवा कंपनीचं नाव काय, ठेकेदार कोण, त्याचा फोन, सोबत कोण, अंगावरची खूण कोणती, हे त्यात लिहायचं. एक फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स घरी ठेवायची. समुद्रात कुणी संकटात असेल, तर तटरक्षक दलाचा 1554 हा फुकट क्रमांक फिरवायचा. आणि माणूस सात वर्षं कुणालाच दिसला-कळला नाही, तर कायदा त्याला मृत धरू शकतो. त्यासाठीही तो केव्हा, कुठून निघाला याचा कागद लागतो.

पान वाढवलं तेव्हा आजी म्हणाल्या, "आमच्या काकांचं नाव पहिलं लिहा गं." आम्ही लिहिलं. यंदा दिव्यांच्या अवसेला आमच्या गटातही एक दिवा जास्त लागेल.