चुन्यावाचून मका

श्रावण-भाद्रपदात वर्ध्याच्या बाजारात भुट्टे येऊ लागले की घरोघरी किसण्या बाहेर निघतात. कोवळे दाणे किसायचे, त्यात बेसन, हिरवी मिरची, लसूण, ओवा, कोथिंबीर कालवून वडे तळायचे. भुट्ट्याचे वडे विदर्भाला इतके आपले वाटतात की त्यातला मका आणि मिरची ही दोन्ही मेक्सिकोच्या बाजूची, हे मुद्दाम सांगावे लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने ती इकडे आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. (तेराव्या शतकात बांधलेल्या सोमनाथपूरच्या केशव मंदिरातील मूर्तींच्या हाती मक्याचे कणीस पाहणारेही आहेत. मला ते पटलेले नाही.)

पण या वड्याला बेसन का लागते? मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. नुसते थापले तर ते तळणात सुटते. मेक्सिकोत मात्र निव्वळ मक्याच्या कणकेच्या जाड चकत्या तव्यावर शेकतात, गरम असतानाच त्यांच्या कडा चिमटून उभ्या करतात आणि मग तळतात. नाव 'सोपेस'. नावावर जाऊ नये.

तिथले गुपित चुन्यात आहे. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी साल चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. त्याने पीठ बांधले जाते. शिवाय दाण्यात अडकून असलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. ही रीत किमान तीन हजार वर्षांची. स्पॅनिश लोकांनी बी नेले, चुना नेला नाही. पुढे मक्यावरच जगणाऱ्या युरोपातील गरिबांना पेलाग्रा झाला. गास्पार कासालने तो १७३५ साली स्पेनमध्ये नोंदवला; विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसे मारली. नायसिनचा उलगडा १९३७ साली झाला. आपण वाचलो, कारण मका आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वडा-भुट्ट्यापुरताच राहिला. पोट ज्वारीवर होते. अर्थात ज्वारीवरच जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांतही पेलाग्रा होता, आणि १९६० साली हैदराबादेत गोपालन व श्रीकांतिया यांनी त्यासाठी ज्वारीतल्या ल्यूसिनकडे बोट दाखवले.

हे वर्ध्यात बसून लिहिताना मगनवाडी आठवणे अपरिहार्य आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघात कुमारप्पांनी हातसडीचा तांदूळ आणि घाणीचे तेल यांची बाजू लढवली. गिरणी धान्यातले सत्त्व काढून घेते, हा त्यांचा मुद्दा खराच होता. पण सत्त्व वाढवणारी घरगुती प्रक्रियाही असते, याचे मक्याइतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आणि तिला लागणारा चुना तर इथल्या प्रत्येक पानदानात होता!

मी करून पाहिले. किलोभर वाळल्या मक्याला दहा ग्रॅमच्या आसपास खाण्याचा चुना, स्टीलचे पातेले (ॲल्युमिनियमवर चुना चढतो), पाऊण तास उकळी. दाणे पिवळेजर्द झाले. मिक्सरमध्ये पाणी जास्त पडून पहिला घाणा बिघडला. मग पाटा-वरवंटा काढला. मेक्सिकोतला मेताते म्हणजे तिरपा, पाय असलेला पाटाच. त्यावर वाटलेल्या कणकेची चकती बेसनाच्या चिमटीशिवाय तेलात उतरली आणि अखंड वर आली. वर ठेचा आणि शिजवलेली बरबटी घातली.