प्राणवायूची खोटी टंचाई : व्हीएचएल जनुकाच्या शोधाचा इतिहास

१/ १९०४ साली जर्मन नेत्रवैद्य ऑयगेन फॉन हिपेल यांनी एका विलक्षण नेत्ररोगाचे वर्णन केले. दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांच्या गाठी वाढत आणि दृष्टी मंदावत जाई. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे मर्म उलगडण्याची वाट या गाठींतून जाणार होती.

२/ १९२६ मध्ये स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ आर्विद लिंडाऊ यांनी दाखवले, की डोळ्यांतील या गाठी, लहान मेंदूतील गाठी आणि मूत्रपिंड व स्वादुपिंडातील विकृती ही एकाच व्याधीची रूपे आहेत. पुढे या व्याधीला दोघांचे नाव मिळाले : फॉन हिपेल-लिंडाऊ, म्हणजेच ‘व्हीएचएल’.

३/ ही व्याधी आनुवंशिक. बाधित आई वा वडिलांकडून ती प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी. पिढ्यान्‌पिढ्या तिचा भार वाहणाऱ्या कुटुंबांच्या सहकार्यानेच १९९३ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील संशोधकांना तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल जनुक सापडले.

४/ त्यानंतर अनपेक्षित गोष्ट उघड झाली. घराण्यात कोणालाही ही व्याधी नसलेल्या रुग्णांच्या गाठींतही, विशेषतः ‘क्लिअर सेल’ या सर्वांत सामान्य प्रकारात, बहुधा हेच जनुक निकामी झालेले आढळले. दुर्मीळ व्याधीने सामान्य कर्करोगाचे मूळ दाखवून दिले.

५/ पण हे जनुक करते काय? उत्तर दुसऱ्याच दिशेने आले. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड ‘एरिथ्रोपोएटिन’ हे संप्रेरक अधिक का निर्माण करते, याचा शोध घेताना ग्रेग सेमेन्झा यांना १९९०च्या दशकात ‘हिफ’ हे प्रथिन गवसले.

६/ १९९९ मध्ये पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने हिफ आणि व्हीएचएल यांचा दुवा जोडला. २००१ मध्ये त्यांच्या व विल्यम केलिन यांच्या गटांनी यंत्रणा उलगडली : प्राणवायू पुरेसा असताना हिफवर एक रासायनिक खूण उमटते, ती ओळखून व्हीएचएल त्याला पकडते आणि पेशी हिफ नष्ट करते.

७/ व्हीएचएलच नसेल तर? हिफ साचत राहते. प्राणवायू मुबलक असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि ‘व्हीईजीएफ’ हा संदेश सोडून नव्या रक्तवाहिन्या मागवते. त्यांवर गाठ पोसली जाते. फॉन हिपेल यांना डोळ्यात दिसलेल्या रक्तवाहिन्यांचे कारणही हेच.

८/ हा संदेश रोखणारे ‘सोराफेनिब’ डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी संमत झाले. भारतात बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. उपाय होता, तो बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होता.

९/ ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला हे औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. १९७०च्या पेटंट कायद्याखाली असा हा भारतातील पहिलाच परवाना. महिन्याची किंमत ठरली ८,८८० रुपये.

१०/ बायरने दाद मागितली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला.

११/ २०१९ मध्ये केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना नोबेल मिळाले. २०२१ मध्ये हिफलाच थेट रोखणारे ‘बेल्झुटिफान’ अमेरिकेत व्हीएचएल रुग्णांसाठी संमत झाले. ज्या कुटुंबांमुळे जनुक सापडले, त्यांच्यापर्यंत त्याचे फळ पोहोचण्यास २८ वर्षे लागली.