धर्मगुरूविना दोनशे वर्षे

वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चच्या भिंती आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. शिक्षक मंडळी मुलांना तेथे सहलीला नेतात, १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला कसा घेतला ते सांगतात, आणि ते सांगायलाच हवे. पण त्याच्या सुमारे १८० वर्षे आधी याच वसईत एक मूल जन्माला आले, त्याची हकिकत बहुधा सांगायची राहून जाते. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच, असे सांगतात.

हा मुलगा कोवळ्या वयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. मध्यंतरी त्याने व्यापारही केला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानात उतरला. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याचे मन या परक्या धर्माविषयी साशंक झाले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत २० जपानी होते, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईकर. १८६२ साली पोपनी या सर्वांना संतपद दिले.

परंतु मला आज सांगायचे आहे ते या २६ जणांच्या मागे राहिलेल्यांविषयी. हुतात्म्यांची नावे तरी राहतात. मागे राहिलेल्या शेतकऱ्या-कोळ्यांची कोण लिहून ठेवतो?

१६१४ साली सबंध जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी झाली. त्या वेळी तीन लाखांच्या आसपास लोक ख्रिस्ती होते. पाद्र्यांना हाकलले, लपलेल्यांना हुडकून मारले. लोकांत राहून सेवा करणारा शेवटचा धर्मगुरू, कोनिशी मान्शिओ नावाचा जपानीच, १६४४ साली मारला गेला. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन ऐकणारा कोणी नाही. शिवाय नागासाकीच्या मुलखात दरवर्षी घरटी माणसे बोलावून येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. जो कचरला तो पकडला गेला.

मग धर्म टिकला कसा? येथे कॅथलिक शिकवणुकीतील एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. मिस्सा अर्पण करणे किंवा पापांची क्षमा जाहीर करणे हे धर्मगुरूचेच काम. बाप्तिस्म्याचे मात्र तसे नाही. अडचणीच्या वेळी कोणीही माणूस, योग्य हेतूने, पाणी घालून आणि ठरलेले शब्द उच्चारून बाप्तिस्मा देऊ शकतो. ही एक वाट उघडी होती, आणि त्या खेडुतांनी ती सोडली नाही. गावागावांत एकजण पाणी घालणारा नेमलेला असे. दुसरा पंचांग सांभाळी. आपल्याकडे जोशीबुवा तिथी-वार सांगतात ना, तसा हा नाताळ केव्हा, उपवासकाळ केव्हा ते सांगे. तिसरा निरोप्या. पापनिवेदनाची सोय नसल्याने मनापासून पश्चात्ताप करण्याची एक प्रार्थना त्यांना पूर्वी पाद्र्यांनी शिकवली होती. प्रतिमा तुडवून घरी आलेला माणूस दार लावून ती म्हणे. काहींनी बौद्धांच्या कान्नोन देवीची मूर्ती घरात ठेवून तिच्या ठायी मरियेला पाहिले. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मी तरी म्हणणार नाही. लेकरांना जगवून धर्मही राखायचा होता.

अशा सात-आठ पिढ्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांसाठी बंदरे खुली झाली, तेव्हा फ्रेंच पाद्र्यांना परकीयांपुरते चर्च बांधण्याची मुभा मिळाली. नागासाकीतील ओउरा येथे ते उभे राहिले, आणि अर्पण केले त्याच २६ हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोलाही. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक दाराशी आले. त्यांतल्या एका बाईने फादर पेतिजां यांच्या कानाशी येऊन आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे असे सांगितले, आणि मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. सध्या दुःखाचा काळ चालू आहे, आज त्याचा सतरावा दिवस, असेही ते म्हणाले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे हिशेब अचूक! छापील पंचांग नाही, विचारायला कोणी नाही, तरी दोनशेहून अधिक वर्षांनंतरही त्या वर्षीचा दिवस बरोबर जुळला होता.

पुढे इतरांनी रोमच्या पोपविषयी आणि पाद्री अविवाहित आहेत का याविषयीही विचारून घेतले. ही त्यांची पारख होती.

बंदी अजून उठली नव्हती. उराकामीच्या सुमारे ३,४०० माणसांना धरून दूरदूरच्या प्रांतांत पाठवले गेले. सहाशेहून अधिक तिकडेच मेली. १८७३ साली बंदी उठल्यावर उरलेले परतले, आणि जेथे प्रतिमा तुडवायला लावीत ती गावच्या मुखियाची जागाच विकत घेऊन त्यांनी तिच्यावर चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने ते जमीनदोस्त केले. १९५९ साली ते पुन्हा उभे राहिले.

सगळेच मात्र पाद्र्यांकडे परत गेले नाहीत. इकित्सुकी बेटावरच्या काही घराण्यांनी वाडवडिलांनी लपूनछपून चालवलेली रीतच आपली मानली. त्यांच्या प्रार्थनांतले लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी झिजून गेले होते. अर्थ कळत नसला तरी ते तसेच म्हणत राहिले.